यमुना कुर्लेकर, देवराष्ट्रे

सातवीत आपली सहल सागरेश्वरच्या अभयारण्यात गेली होती, आठवतं का? लाल एस.टी., पुढच्या बाकांवर मुली, मागे मुलं, आणि परतताना निम्म्या गाडीला उलट्या. देवराष्ट्रे गावाजवळ सरांनी गाडी हळू करायला सांगितली आणि म्हणाले, "हे यशवंतराव चव्हाणांचं आजोळ. त्यांचा जन्म इथलाच." सहलीवर निबंध लिहावा लागणार हे माहीत असल्यामुळे आम्ही ते वहीत टिपून घेतलं.

त्याच गावात यशवंतरावांच्या पन्नासएक वर्षं आधी, १८६२ साली, कुर्लेकरांच्या घरात एक मुलगी जन्मली होती. तिचं नाव यमुना. सरांनी तिचं नाव घेतलं नाही. त्यांना दोष देत नाही, कारण मलाही हे चाळिशी ओलांडल्यावर कळलं. यमुनेला आपण ओळखतो ते लग्नानंतरच्या नावाने, रमाबाई रानडे म्हणून.

या स्मरणिकेसाठी समितीने मला दोन कामं दिली. 'तू कॉम्प्युटरवाली' म्हणून आपल्या बॅचची यादी करायची आणि 'तुला इतिहासात मार्क असायचे' म्हणून इतिहासावर काहीतरी लिहायचं. लेखासाठी मी रमाबाई निवडल्या होत्या. यादीचं काम निव्वळ हमाली आहे असं समजून बाजूला ठेवलं होतं. पुढे ही दोन्ही कामं एकमेकांत गुंतत गेली.

आधी रमाबाईंविषयी. शाळेत आपण त्यांना पंडिता रमाबाईंमध्ये हमखास मिसळायचो. इतिहासाच्या बाई पेपरात लाल शाईने 'कोणत्या?' असं लिहून अर्धा मार्क कापायच्या. पुढे २०१२ साली 'उंच माझा झोका' मालिका आली आणि छोट्या रमेने घरोघरी लळा लावला. आमच्या घरी त्या वेळेत कोणाचा फोन आला तर आई उचलायची नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या मनातल्या रमाबाई त्या तिथल्याच आहेत. परकर-पोलक्यातली मुलगी, हातात पाटी, समोर न्यायमूर्ती, आणि आत माजघरात धुसफुसणाऱ्या बायका.

हे चित्र खोटं नाही. १८७३ साली लग्न झालं तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या आणि महादेव गोविंद रानडे एकतीस. पहिली पत्नी वारल्यावर सुधारक रानडे विधवेशी लग्न करतील असं सगळे धरून चालले होते. वडिलांच्या हट्टापुढे त्यांनी मान तुकवली आणि एका कुमारिकेशी लग्न केलं. त्यावरून त्यांना जन्मभर टोमणे ऐकावे लागले. नवी बायको निरक्षर होती. रानड्यांनी तिला लगेच अक्षरओळख करून द्यायला सुरुवात केली. मराठी झाल्यावर इंग्रजी आलं आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा छळ वाढला. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या तेव्हा आर्य महिला समाजाच्या सभांना आपल्या रमाबाई जाऊ लागल्या. पुण्यात मुलींचं हायस्कूल व्हावं म्हणून त्यांनी गव्हर्नरसाहेबांसमोर इंग्रजीत निवेदन वाचलं. बाहेर टाळ्या मिळाल्या, घरी आल्यावर बोलणी खावी लागली. ते हायस्कूल १८८४ मध्ये निघालं. आज त्याला आपण हुजूरपागा म्हणून ओळखतो.

१९१० साली त्यांनी 'आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी' हे पुस्तक लिहिलं. त्याच्या नावात 'माझ्या' नाही, 'आमच्या' आहे. पुस्तकभर त्या नवऱ्याचं नाव घेत नाहीत. त्या काळी नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात. १९३८ साली या पुस्तकाचं इंग्रजी रूप अमेरिकेत प्रसिद्ध झालं, त्याचं शीर्षकच 'हिमसेल्फ' होतं. बाईच्या आत्मचरित्राच्या मुखपृष्ठावर 'तो स्वतः'! मला आधी हसू आलं आणि मग ते पुरतं टिकलं नाही.

न्यायमूर्ती रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी गेले आणि आपल्या डोक्यातली गोष्ट बहुधा तिथे संपते. रमाबाई तेव्हा चाळिशीच्या आत होत्या, म्हणजे आज आपण सगळ्याजणी आहोत त्याहून लहान. त्यानंतर त्या तेवीस वर्षं जगल्या. या तेवीस वर्षांत त्यांना शिकवायला, पुढे करायला किंवा पाठीशी घालायला कोणी 'स्वतः' नव्हते.

सुरुवातीला वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नाहीत. नंतर येरवड्याच्या तुरुंगात स्त्री कैद्यांना भेटायला जाऊ लागल्या. १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्ष त्या होत्या. १९०९ साली पुण्यातल्या रानडेवाड्यात सेवासदन सुरू झालं. गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीला होते. सेवासदनने विधवांना आणि टाकलेल्या बायकांना शिक्षिका केलं. त्याहून धाडसाचं म्हणजे ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घ्यायला पाठवलं. वरच्या जातीतल्या, केशवपन झालेल्या बाईने परक्या पुरुषाची नाडी पाहायची, कोणाही जातीच्या रोग्याचं अंथरूण बदलायचं, हे तेव्हाच्या पुण्याला काय वाटलं असेल याची कल्पना करा. मला विचाराल तर रमाबाईंचं सगळ्यात मोठं काम हेच. सभेत केलेलं भाषण लोक विसरू शकतात. पगार घेऊन घरी आलेल्या बाईला मात्र घरातलं कोणी विसरत नाही.

मताच्या हक्काची चळवळ त्यांच्या आयुष्यात अगदी शेवटी आली. तिची हकिगत आपल्या पाठ्यपुस्तकात एका ओळीचीसुद्धा नव्हती, म्हणून जरा सविस्तर सांगते.

१९१७ च्या डिसेंबरमध्ये भारतमंत्री माँटेग्यू इथल्या राज्यकारभारात काय सुधारणा कराव्यात हे पाहायला आले. मद्रासला सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचं शिष्टमंडळ त्यांना भेटलं. त्यांची मागणी सरळ होती: पुरुषांना ज्या अटींवर मत द्याल, त्याच अटींवर आम्हालाही द्या. मताधिकार ठरवण्यासाठी साउथबरो समिती नेमली गेली. तिने नकार दिला. इथल्या चालीरीती पाहता, पडदा पाहता, हे फार लवकर होईल असं कारण दिलं. बायका मागत होत्या आणि समिती बायकांच्या वतीने सांगत होती की त्यांना ते पेलायचं नाही.

मग १९१९ मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा आपल्या विशीतल्या मुलीला, मिठानला, घेऊन लंडनला गेल्या. या हेराबाईंची गोष्ट मला फार आवडते. १९११ साली काश्मीरला सुट्टीवर असताना त्यांना महाराजा दुलीपसिंगांची मुलगी सोफिया भेटली. तिच्या पोशाखावर इंग्लंडच्या मताधिकार चळवळीचा बिल्ला होता. हेराबाईंनी बिल्ल्याची चौकशी केली आणि त्या या कामात ओढल्या गेल्या. लंडनला मायलेकींनी संसदीय समितीसमोर साक्ष दिली आणि पुढे सभा, भेटी, पत्रं यांचा सपाटा लावला. मिठान पुढे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारी पहिली स्त्री झाली.

इतकं होऊन पार्लमेंटने काय केलं, तर चेंडू परत इकडे टोलवला. १९१९ च्या कायद्यात स्त्रियांना मत दिलं नाही, पण प्रत्येक प्रांताच्या कायदेमंडळाला वाटलं तर त्याने ठराव करून ही अट काढावी अशी सोय ठेवली. त्यामुळे लढाई लंडनहून मद्रासला, मुंबईला, पुण्याला आली. बंगल्यात राहणाऱ्या, इंग्रजी लिहिणाऱ्या चारदोन बायकांनी आता भागणार नव्हतं. सभा भराव्या लागणार होत्या, सह्या गोळा कराव्या लागणार होत्या आणि घराघरांतल्या बायकांना बाहेर काढावं लागणार होतं. हे करू शकेल अशी व्यक्ती पुण्यात होती. मुंबई इलाख्यातल्या या चळवळीचं नेतृत्व रमाबाईंकडे आलं.

त्याआधीच १९२० मध्ये त्यांनी पुण्यात एक झुंज दिली होती. नगरपालिकेला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करायचं होतं. लोकमान्यांच्या पक्षाचं म्हणणं होतं की पैसा कमी आहे, आधी मुलांचं करू, मुलींचं नंतर पाहू. रमाबाई बायकांचा मोर्चा घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्या तेव्हा साठीला टेकल्या होत्या. पुण्याच्या रस्त्यावरून बायका मिरवणुकीने जाताहेत आणि त्यांच्यात न्यायमूर्तींची विधवा आहे, हे दृश्य मालिकेत दाखवलं असतं तर आमच्या आईने नक्की दोनदा पाहिलं असतं.

त्याच झुंजीत मताचं महत्त्व उघडं पडलं होतं असं मला वाटतं. पैसे कशावर खर्च करायचे हे मतदारांनी निवडून दिलेली माणसं ठरवतात. मतदार पुरुष असतील तर 'आधी मुलांचं' हे अगदी सालस चेहऱ्याने ठरतं. त्यात कोणी दुष्ट असावं लागत नाही.

मद्रासने १९२१ च्या एप्रिलमध्ये ठराव केला. मुंबईच्या कायदेमंडळात जुलैमध्ये चर्चा झाली आणि ठराव ५२ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला. १९२३ च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यातल्या स्त्रियांनी पहिल्यांदा कायदेमंडळासाठी मत दिलं. इंग्लंडमध्ये स्त्रियांना १९१८ साली मत मिळालं होतं, पण वयाच्या तिशीनंतर आणि वेगळ्या अटींवर. पुरुषांच्या बरोबरीने मिळायला तिथे १९२८ उजाडलं. आपल्याकडे ठराव झाला तो पुरुषांच्याच अटींवर.

या 'अटी' मात्र नीट पाहायला हव्यात, नाहीतर उगाच छाती फुगते. शेतसारा भरणारा, ठरावीक भाड्याच्या घरात राहणारा, प्राप्तिकर भरणारा, अशा माणसालाच मत होतं. पुरुषांतही ते थोड्यांनाच होतं. बायकांच्या नावावर तर काहीच नसे, सवाष्णीच्या नावावर सहसा नाहीच. नवऱ्यामागे एखाद्या विधवेच्या नावावर घर किंवा जमिनीचा तुकडा आलाच असेल, तर तिचं नाव यादीत येऊ शकत होतं. शुभकार्यात जिला पुढे येऊ देत नसत, ती मतदार होऊ शकत होती आणि तिच्या शेजारची हिरव्या बांगड्यांची सवाष्ण होऊ शकत नव्हती. मतदार पुरुषाची बायको म्हणून किंवा स्वतः साक्षर म्हणून मत मिळण्याची सोय १९३५ च्या कायद्याने झाली. आणि कसलीच अट न ठेवता सगळ्यांना मत मिळालं ते २६ जानेवारी १९५० पासून, राज्यघटनेने.

रमाबाई १९२४ साली गेल्या. गांधीजींनी त्यांच्यावर लिहिलं ते मनापासून लिहिलं, पण त्यातही त्यांनी गौरव केला तो आदर्श हिंदू विधवा म्हणून. आधी आदर्श पत्नी, मग आदर्श विधवा. १९६२ साली जन्मशताब्दीला टपाल तिकीट निघालं. मतदारांची पुढारी म्हणून त्यांची आठवण कोणी ठेवल्याचं माझ्या वाचनात फारसं आलं नाही, आणि १९२१ चं ते मत आजही बऱ्याच जणांना 'इंग्रजांनी दिलं' असं वाटतं.

इथपर्यंत लेख लिहून झाला होता. शेवट सुचत नव्हता म्हणून यादीचं काम हातात घेतलं.

आपल्या १९९६ च्या दहावीत शाळेच्या हजेरीपटाप्रमाणे १०३ जण होते. त्यात ४७ मुली. मुलांची यादी आठ दिवसांत झाली. आडनाव तेच, बऱ्याच जणांचं घरही तेच, आणि गावात दोघांना विचारलं की तिसऱ्याचा नंबर मिळतो. मुलींपैकी आठ दिवसांत मिळाल्या सोळा. बाकीच्यांची आडनावं बदललेली होतीच, काहींची पहिली नावंही बदलली होती. एकीच्या माहेरच्या दुकानात फोन केला तर तिचा भाऊ म्हणाला, "सासरचं नाव... थांबा हं, बायकोला विचारतो." त्याच्या फोनमध्ये तिचा नंबर 'ताई' या नावाने होता. त्याचं चुकलं असं नाही, माझ्या भावाच्या फोनमध्ये मीही 'अक्का'च आहे.

तेव्हा मला स्वतंत्र भारताची पहिली मतदारयादी आठवली. १९५१-५२ च्या निवडणुकीआधी नोंदणी करणारे लोक दारोदार गेले तेव्हा उत्तरेकडच्या काही राज्यांत अनेक बायकांनी स्वतःचं नाव सांगायला नकार दिला. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढंच लिहा म्हणाल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी असं चालणार नाही असं सांगितलं आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून काढावी लागली. घटनेने मत दिलेलं होतं, पण ज्या रकान्यात ते ठेवायचं तो रिकामा राहिला. सेन यांच्यावर तेव्हा टीका झाली. मी रोज डेटाबेस बांधणारी बाई आहे, मला त्यांचं म्हणणं पटतं. ज्या नोंदीला स्वतःची ओळख नाही, जी फक्त दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवते, ती दुसरी नोंद हलली की हरवते. सेनांनी तिला नावासाठी अडवलं, म्हणून पुढच्या निवडणुकांत ती स्वतःच्या नावाने आली.

हे शहाणपण सुचण्याआधी मी काय केलं होतं तेही सांगून टाकते. मेळाव्यासाठीचा गूगल फॉर्म मीच केला होता. आधीच्या एका बॅचचा फॉर्म उचलला आणि न वाचता तुम्हाला पाठवला. त्यात मुलींसाठी 'पतीचे नाव' हा रकाना होता, आणि तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नव्हता. मुलांसाठी 'पत्नीचे नाव' असा रकानाच नव्हता. तीन दिवसांनी आपल्यातल्या एकीने मला एकटीला मेसेज केला: "माझा फॉर्म जात नाहीये. तिथे काय लिहू?" ती सहा वर्षांपूर्वी वेगळी झाली हे मला माहीत नव्हतं. मी रकाना काढला आणि तिची माफी मागितली. ती म्हणाली, "अगं, सवय आहे." याचं मी काय करू ते मला अजून कळलेलं नाही. रमाबाईंच्या लेखात मान खाली घालून वाचावं असं वाक्य मी मुद्दाम शोधलं नसतं, ते असं मिळालं.

समितीत त्यानंतर बरीच वादावादी झाली. 'सौ.' लावायचं की नाही, आत्ताचं नाव आधी की तेव्हाचं, 'लोक ओळखणार कसे' वगैरे. एका गुरुजींनी तोडगा काढला. ते म्हणाले, "मी हजेरी ज्या नावाने घेत होतो त्या नावाने छापा. मला तीच नावं पाठ आहेत." तसंच केलं. स्मरणिकेच्या शेवटी जी यादी आहे ती हजेरीपटाच्या क्रमाने आहे. प्रत्येक मुलीचं शाळेतलं नाव आधी आहे आणि तिने स्वतः कळवलं असेल तरच पुढे आत्ताचं. 'सौ.', 'श्रीमती' काही नाही. कोणाला हे आवडलं नसेल तर ते माझ्या खात्यावर लिहावं, समितीच्या नाही.

पुढच्या खेपेला कोणी मुलांना घेऊन सागरेश्वरला गेलं तर देवराष्ट्र्यात गाडी हळू करा आणि यशवंतरावांबरोबर यमुनेचंही नाव सांगा.

४७ पैकी आजपर्यंत ४४ जणी सापडल्या. क्रमांक ६१, ७४ आणि ८८ यांच्यापुढे अजून काहीच नाही. ६१ दुसऱ्या बाकावर बसायची आणि तिला अख्खं पसायदान न अडखळता यायचं. ७४ चे वडील बँकेत होते, दहावीनंतर त्यांची बदली झाली. ८८ ने दहावीचा शेवटचा पेपर दिला आणि मे महिन्यात तिचं लग्न झालं. आपल्यातल्या कोणीतरी त्या लग्नाला गेलं होतं. ज्याला आठवत असेल त्याने सांगावं, मेळाव्याच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर मीच असणार आहे.